जपानी वाचता येते, लिहिताना मात्र अडते: लेखनाचा सराव नेमका कसा करावा?

तिठा (धागाकर्ती)

नमस्कार. मी पुण्यात जपानी शिकले आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी उत्तीर्ण झाले. सध्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जपानी ग्राहकांकडून येणाऱ्या कागदपत्रांचे भाषांतर करते. बातमी असो वा तांत्रिक टिपण, शब्दकोश हाताशी असला की अर्थ लागतो. मात्र तसाच मजकूर स्वतः जपानीत लिहायची वेळ आली की साध्या ईमेललाही फार वेळ जातो, आणि इतके करून जे तयार होते ते व्याकरणाच्या पुस्तकातील उदाहरणे एकापुढे एक मांडल्यासारखे दिसते. वाक्ये चुकीची नसतात. पण जपानी माणूस तसे लिहिणार नाही, एवढे मला जाणवते. तो कसे लिहील, हे मात्र उमगत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सारे काम संगणकावर होत असताना कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली अक्षरचिन्हे, हाताने लिहिण्याचा सराव अजून आवश्यक आहे काय? वर्ग संपल्यानंतर लेखन तपासून देणारे कोणी नसेल तर काय करावे? आणि मराठी मातृभाषा असलेल्यांच्या लेखनात काही ठरावीक चुका होतात, असे कोणाच्या पाहण्यात आले आहे काय? जपानी उदाहरणे कृपया देवनागरीतच द्यावीत, म्हणजे नुकतीच सुरुवात केलेल्यांनाही चर्चा वाचता येईल.

अनुस्वार

तिठा, मी जपानी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर सत्रात कोणी ना कोणी विचारतेच. या अडचणीचे मूळ बऱ्याच अंशी परीक्षेच्या रचनेत आहे. जेएलपीटी १९८४ साली सुरू झाली आणि २०१० पासून ती एन-५ (सर्वांत सोपी) ते एन-१ (सर्वांत अवघड) अशा पाच पातळ्यांत घेतली जाते. परंतु सर्वांत वरच्या पातळीवरही उमेदवाराला स्वतःचे एक वाक्यसुद्धा लिहावे लागत नाही. शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन, श्रवण हे सारे पर्याय निवडून सोडवायचे असते. शब्द समोर आल्यावर ओळखणे आणि गरज पडल्यावर तो स्वतःहून आठवणे यांतील अंतर अशा परीक्षेत दिसतच नाही. आपले बहुतेक वर्ग परीक्षेच्या मागे चालतात, त्यामुळे साकुबुन, म्हणजे निबंधलेखन, वेळ उरला तर घेतले जाते.

याउलट जपानी विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी २००२ पासून जी ईजेयू परीक्षा घेतली जाते, तिच्यात लेखनाचा स्वतंत्र विभाग आहे. दोनपैकी एक विषय निवडून ३० मिनिटांत ४०० ते ५०० अक्षरे लिहायची असतात आणि त्याला ५० गुण असतात. तुम्हाला ती परीक्षा द्यायची नसली तरी हे माप सरावासाठी उत्तम आहे. जपानी शाळांतील गेन्को-योशी या चौकटींच्या कागदाचे एक पानही २० गुणिले २०, म्हणजे ४०० अक्षरांचेच असते. एवढ्या मजकुरात एक मुद्दा मांडून, त्याचे कारण देऊन, तो संपवता येतो, आणि तपासणाऱ्यालाही ते जड होत नाही. दोन-दोन ओळींच्या सरावाने वाक्य सुधारते. परिच्छेद त्याने सुधारत नाही.

आता ‘पुस्तकी वाटते’ याविषयी. मी वही हातात घेतल्यावर सर्वांत आधी वाक्यांचे शेवट पाहते. जपानी मजकूर एक तर ‘देसु-मासु’ या विनयशील रूपांत लिहिला जातो, नाहीतर ‘दा’ किंवा ‘दे आरु’ या साध्या रूपांत. पत्र, ईमेल, वाचकाला उद्देशून केलेले निवेदन यांत पहिले. बातमी, अहवाल, प्रबंध यांत दुसरे. एकाच लेखात दोन्हींची सरमिसळ झाली की जपानी वाचकाला पहिल्या परिच्छेदातच खटकते. अवतरणचिन्हांतील बोलणे अर्थातच वेगळे. त्यापाठोपाठ येतात बोलीतले शब्द. बोलताना ‘देमो’ (पण), ‘दाकारा’ (म्हणून), ‘तोतेमो’ (फार), ‘चोत्तो’ (जरा) हे सर्रास चालतात. औपचारिक लेखनात त्यांच्या जागी ‘शिकाशि’, ‘शितागात्ते’, ‘हिजोनि’, ‘सुकोशि’ हे शब्द येतात. आपण जपानी प्रामुख्याने संवादांतून शिकतो, त्यामुळे आपला शब्दसंग्रह जन्मतःच बोलका असतो आणि लेखनासाठी त्याची अर्धी जोडपी नव्याने शिकावी लागतात.

तिसरी गोष्ट म्हणजे जपानी लोक ज्याला ‘नेजिरे-बुन’, पिळलेले वाक्य, म्हणतात ते. ‘वाताशी नो युमे वा इशा नि नारिताइ देसु’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ‘माझे स्वप्न’ असा कर्ता घेऊन सुरुवात केली आणि ‘व्हायचे आहे’ असा शेवट केला. आरंभाचा शेवटाशी सांधा जुळलाच नाही. ते ‘इशा नि नारु कोतो देसु’, म्हणजे ‘डॉक्टर होणे हे आहे’, असे हवे. जपानी मुलांच्याही वहीत ही चूक सापडते, तेव्हा लाज वाटण्याचे कारण नाही. वाक्य लांबले की ती होते, म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याचा केवळ विषय आणि केवळ क्रियापद एकापुढे एक वाचून पाहावे.

घाटमाथा

अनुस्वारताईंनी सर्वांना लागू पडणारे सांगितले आहे. तिठा यांच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी मी लिहितो, कारण मराठी आणि जपानी यांची तुलना हा माझ्या आवडीचा विषय आहे.

वाक्यरचनेच्या बाबतीत मराठी माणसाला जपानी लेखन इंग्रजी माणसापेक्षा पुष्कळ सोपे जायला हवे. दोन्हींत क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे काम नामानंतर येणारे प्रत्यय आणि शब्दयोगी करतात, आणि ‘काल घेतलेले पुस्तक’ हे ‘किनो कात्ता होन’ असे त्याच क्रमाने उतरते. आपली संयुक्त क्रियापदे तर जपानीच्या फारच जवळ आहेत. ‘करून पाहणे’ म्हणजे ‘शिते मिरु’, ‘लिहून ठेवणे’ म्हणजे ‘काइते ओकु’, ‘खाऊन टाकणे’ म्हणजे ‘ताबेते शिमाउ’. इंग्रजी पुस्तकांत या रूपांवर पाने खर्च केलेली असतात आणि आपले विद्यार्थीही ती इंग्रजीतूनच पाठ करतात, हे मला अनाकलनीय वाटते. मराठीतून विचार केल्यास ही रूपे लेखनात आपोआप येऊ लागतात, आणि ती आली की मजकूर पुस्तकी वाटणे बरेचसे थांबते.

पण हीच जवळीक काही ठिकाणी फसवते. आपण परीक्षा ‘देतो’; जपानी विद्यार्थी ती ‘घेतो’, म्हणजे ‘शिकेन ओ उकेरु’. आपण शर्ट, बूट, टोपी सारे ‘घालतो’. जपानीत शर्टासाठी ‘किरु’, बुटांसाठी ‘हाकु’, टोपीसाठी ‘काबुरु’ अशी वेगळी क्रियापदे आहेत. (चष्मा मात्र आपण लावतो आणि तेही ‘काकेरु’च म्हणतात, तेवढी सवलत आहे.)

भावनांच्या बाबतीतही असेच होते. ‘आईला आनंद झाला’ हे मराठीत निर्दोष आहे. जपानीत मात्र ‘उरेशिइ’ (आनंदी), ‘कानाशिइ’ (दुःखी) अशी विशेषणे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मनाबद्दल वापरली जातात. दुसऱ्याच्या मनात आपण शिरू शकत नाही, म्हणून ‘योरोकोन्दे इमासु’ असे बाहेरून दिसणारे वर्णन करावे लागते, किंवा तसे दिसते, तसे ती म्हणाली, अशी जोड द्यावी लागते. कथा-कादंबऱ्यांत याला अपवाद दिसतात, परंतु शिकणाऱ्याने आधी नियम पाळावा.

आणखी एक चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे. आधीच्या वाक्यात उल्लेख केलेल्या व्यक्तीकडे पुन्हा वळताना आपण ‘तो’, ‘ती’ म्हणतो, आणि ‘तो’ म्हणजे ‘आनो’ असे पहिल्या धड्यात शिकलेले असते, म्हणून विद्यार्थी ‘आनो हितो’ लिहितात. ‘आनो’ हे लेखक आणि वाचक दोघांनाही जो माहीत आहे त्याच्यासाठी. वाचकाला ज्याची ओळख आत्ताच करून दिली, त्याच्यासाठी लेखनात ‘सोनो’ वापरायचे.

शेवटी स्वरांविषयी. मराठीत ‘ओ’ आणि ‘ए’ यांना ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, त्यामुळे ‘कोको’ (येथे) आणि ‘कोऽकोऽ’ (माध्यमिक शाळेनंतरची शाळा) यांतला फरक आपल्या कानावरून निसटतो आणि हिरागाना या जपानी उच्चारलिपीत लिहिताना एक अक्षर गळते. संगणकावर तर याचा लगेच फटका बसतो, कारण चुकीचा उच्चार टंकल्यास हवी ती कांजी पर्यायांत येतच नाही. ज्यांनी वहीत शब्द देवनागरीत टिपून ठेवले आहेत, त्यांनी निदान अवग्रह घालून दीर्घत्व दाखवावे. त्याहून चांगले म्हणजे देवनागरीत टिपूच नये. या धाग्यापुरते चालेल.

सुपारी

माझा लहानसा प्रश्न आहे. घाटमाथा यांचे म्हणणे मान्य केल्यास आधी मराठीत मसुदा लिहून मग त्याचे जपानी करावे काय?

अनुस्वार

सुपारी, मुद्द्यांचे टिपण मराठीत करण्यास हरकत नाही, संपूर्ण मसुदा मात्र करू नये. मराठीत आपले विचार आपल्या वयाचे असतात आणि जपानी आपल्याला शाळकरी मुलाएवढे येत असते. मसुदा मराठीत झाला की प्रत्येक वाक्यासाठी शब्दकोश उघडावा लागतो, आणि कोशातून उचललेला शब्द त्या जागी बसतो की नाही हे कळण्याचे साधन आपल्याकडे नसते. त्यापेक्षा जे येते त्यातच काय म्हणता येईल ते पाहावे, अडलेली जागा रिकामी सोडून पुढे जावे आणि शेवटी एक-दोनच नवे शब्द शोधावेत.

शोधताना कोशावर थांबू नये. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने २०११ साली समकालीन लिखित जपानीचा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह खुला केला. त्यात ‘शोनागोन’ या साधनातून कोणालाही नोंदणीशिवाय शोध घेता येतो. एखादे नाम कोणत्या क्रियापदासोबत येते अशी शंका आली, तर आपण बनवलेला शब्दसमूह तिथे टाकून पाहावा. छत्री उघडून डोक्यावर धरण्याला ‘कासा ओ सासु’ म्हणतात, औषध ‘पितात’, हे नियमाने काढता येत नाही. शेकडो खऱ्या वाक्यांत ते दिसले की शंका मिटते. आपला शब्दसमूह तिथे एकदाही सापडला नाही, तर तो बहुधा आपणच घडवला आहे असे समजावे.

जुनी_वही

हाताने लिहिण्याविषयी अजून कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते कांजी हाताने लिहिल्याशिवाय ती आपली होत नाही. ‘मात्सु’ (वाट पाहणे) आणि ‘मोत्सु’ (जवळ असणे) यांची कांजी फक्त डाव्या भागाने वेगळी आहे. वाचताना संदर्भावरून निभावते, त्यामुळे वर्षानुवर्षे वाचूनही हा भेद मनात पक्का होत नाही. दोन्ही लिहून पाहिली की होतो. जोयो, म्हणजे नित्य वापराच्या, कांजीच्या २०१० च्या यादीत २१३६ कांजी आहेत, आणि त्यांपैकी १०२६ प्राथमिक शाळेतच शिकवल्या जातात. सर्व नको, पण एवढ्या १०२६ तरी हाताने याव्यात.

आणखी एक सराव जपानी लोक स्वतःही करतात, तो म्हणजे चांगला मजकूर जसाच्या तसा उतरवून काढणे. ‘आसाहि शिम्बुन’च्या पहिल्या पानावर १९०४ पासून चालत आलेले ‘तेन्सेइ जिन्गो’ हे सदर आहे, साधारण ६०० अक्षरांचे. ते उतरवून काढण्यासाठी त्या वृत्तपत्राने खास वह्याच काढल्या आणि त्या मोठ्या संख्येने खपल्या. मी हे सदर उतरवतो. स्वल्पविराम कुठे पडतो, वाक्य किती लांब चालते आणि कुठे अचानक तुटते, शेवट ‘दा’ने होतो की नामावर, हे डोळ्यांनी वाचताना लक्षात येत नाही. हात मात्र प्रत्येक विरामापाशी थांबतो.

दवबिंदू

जुनी_वही यांच्या उत्तरार्धाशी मी पूर्ण सहमत आहे, पूर्वार्धाशी नाही. मी जपानमध्ये विद्यापीठात शिकते. येथे हाताने लिहिण्याचे प्रसंग येतात ते नगरपालिकेचे अर्ज, काही परीक्षा आणि नोकरीच्या अर्जाचे काही प्रकार एवढेच. पुण्यात बसून ईमेल लिहिणाऱ्या व्यक्तीने १०२६ कांजी हाताने गिरवण्यात वर्ष घालवावे, असे मला वाटत नाही. शिवाय आपल्याकडे गिरवण्याच्या जोडीला एक अनावश्यक धाक येतो. ‘झाड’ या कांजीच्या उभ्या रेघेला खाली हुकासारखा आकडा दिला म्हणून गुण कापणारे शिक्षक आहेत. प्रत्यक्षात जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेने २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत नेमके हेच म्हटले आहे की आकडा असला काय, नसला काय, दोन्ही बरोबर.

टंकताना वेगळे कौशल्य लागते आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. ‘किशा नो किशा गा किशा दे किशा शिता’ हे वाक्य जपानी मुलेही गमतीने म्हणतात: तुमच्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीने कंपनीत परतला. चारही ‘किशा’ वेगळ्या कांजींत लिहायच्या. ‘आत्सुइ’चे तीन प्रकार तर रोजच्या वापरातले आहेत: हवा गरम, वस्तू गरम आणि पुस्तक जाड. संगणक पर्याय देतो, निवड आपणच करायची असते. म्हणून मी म्हणेन की सगळी कांजी लिहिता येण्यापेक्षा समान उच्चारांच्या कांजींतील भेद ठामपणे ओळखता यावा.

संगणकामुळे उलटा दोषही येतो, म्हणजे कांजींचा अतिरेक. शिकणाऱ्याला वाटते की जितकी कांजी जास्त तितके लेखन प्रौढ, आणि यंत्र तर प्रत्येक शब्द बदलून द्यायला तयारच असते. वर घाटमाथा यांनी दिलेल्या ‘शिते मिरु’, ‘काइते ओकु’ यांतील ‘मिरु’ आणि ‘ओकु’ ही साहाय्यक क्रियापदे हिरागानात लिहायची असतात; डोळ्यांनी पाहणे हा मूळ अर्थ असेल तेव्हाच कांजी. ‘कोतो’ (गोष्ट), ‘तोकि’ (वेळ), ‘तामे’ (साठी) हे शब्दही अशा जागी बहुधा हिरागानात ठेवतात. छापील मजकुरात काळ्या-पांढऱ्याचे जे प्रमाण दिसते ते या संकेतांमुळे.

विद्यापीठातील अहवालांबद्दल एकच सांगते. ‘तो ओमोउ’, म्हणजे ‘असे मला वाटते’, हे तिथे जवळपास निषिद्ध आहे. पुरावा देऊन ‘तो कान्गाएरारेरु’, म्हणजे ‘असे मानता येते’, असे लिहावे लागते, आणि दुसऱ्याचे मत कुठे संपले व आपले कुठे सुरू झाले हे वाक्याच्या शेवटावरून कळले पाहिजे.

जुनी_वही

दवबिंदू, नगरपालिकेच्या अर्जावर पत्ता लिहिताना रांगेत मागे माणसे उभी असली म्हणजे १०२६ चे मोल कळते, एवढेच नम्रपणे म्हणतो. २०१६ च्या मार्गदर्शिकेविषयी मात्र तुमचे म्हणणे रास्त आहे.

कोकणकडा

तिठा यांना मुख्यतः कार्यालयीन लेखनाची गरज आहे असे दिसते, म्हणून त्या अंगाने लिहितो. या लेखनात मौलिकता नको असते, आणि म्हणूनच ते सर्वांत लवकर सुधारते. ईमेलचा साचा ठरलेला आहे: वर कंपनी, विभाग आणि नावापुढे ‘सामा’ हा आदरार्थी शब्द, मग ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ हे ठरलेले अभिवादन आणि आपली ओळख, मग एका वाक्यात विषय, मग तपशील, शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु’ ही ठरलेली विनंती. व्यक्तीऐवजी संस्थेला किंवा विभागाला लिहायचे असेल तर ‘सामा’ऐवजी ‘ओन्चु’. समोरच्या कंपनीला बोलताना ‘ओन्शा’ म्हणतात, लेखनात ‘किशा’. मिळालेली चांगली ईमेल प्रकारानुसार साठवून ठेवावीत: विनंतीची, दिरंगाई कळवणारी, दिलगिरीची, नकाराची. नकाराची विशेष जपावीत, कारण ‘नाही’ हा शब्द न वापरता नकार कसा देतात ते कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्यांतून चांगले कळते.

आदरार्थी भाषेत मराठी माणूस एका जागी हमखास अडतो. आपण बाहेरच्या माणसाशी बोलतानाही ‘आमचे साहेब बाहेर गेले आहेत’ असे म्हणतो. आदर व्यक्तीला चिकटलेला असतो आणि तो कोणासमोरही सुटत नाही. जपानीत आदर आत-बाहेर पाहून ठरतो. ग्राहकाला लिहिताना आपला विभागप्रमुख ‘आतला’ होतो, मग त्याच्या नावापुढचे ‘सान’ (आपल्या ‘राव’सारखे)ही गळते आणि क्रियापद नम्रतादर्शक येते: ‘तानाका वा गाइशुत्सु शिते ओरिमासु’ (तानाका बाहेर गेला आहे). नियम सगळ्यांना पाठ असतो, पण लिहिताना हात धजत नाही.

तांत्रिक बिघाडाच्या अहवालात मात्र आदरापेक्षा क्रम महत्त्वाचा असतो. काय घडले, कारण काय, तात्पुरता उपाय काय आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, या क्रमाने ‘दे आरु’ शैलीत किंवा नामावर संपणाऱ्या तुटक वाक्यांत लिहितात. क्षमायाचना सोबतच्या ईमेलमध्ये करायची, अहवालात नाही. आपण दोन्हीकडे करतो आणि अहवाल ढिला होतो.

यंत्रांबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. भाषांतराची आणि संभाषणाची आजची साधने ईमेल गुळगुळीत करून देतात, तातडीच्या कामाला ती वापरावीत. सरावासाठी मात्र आधी स्वतः लिहावे, मग यंत्राला दुरुस्ती विचारावी, आणि ‘का बदलले’ हे प्रत्येक बदलापाशी विचारावे. कारण पटले नाही तर अनुस्वारताईंनी सांगितलेल्या संग्रहात पडताळावे, कारण यंत्र चूक नसलेली वाक्येही बदलते आणि कधीकधी आपल्याला म्हणायचे होते ते हलकेच सरकवते.

तिठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचता वाचता एक छोटा उतारा लिहिला आहे. तो तपासून मिळाल्यास आवडेल.

‘वाताशी नो हाहा वा शोगाक्को नो क्योशि देसु. वाताशी वा एन-नि नि गोकाकु शिता कारा, हाहा वा तोतेमो उरेशिकात्ता देसु. तोनारि नि सुन्दे इरु ओबासान नि मो हानाशिमाशिता. आनो ओबासान वा, कोदोमो नो तोकि, वाताशी नि हिरागाना ओ ओशिएमाशिता. वाताशी नो मोकुह्यो वा, राइनेन निहोन नो काइशा दे हाताराकिताइ देसु.’

(माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मी एन-२ उत्तीर्ण झाल्यामुळे तिला फार आनंद झाला. शेजारच्या काकूंनाही सांगितले. त्यांनी लहानपणी मला हिरागाना शिकवले होते. पुढील वर्षी जपानी कंपनीत काम करणे हे माझे ध्येय आहे.)

अनुस्वार

आनंद वाटला. मी सहसा दुरुस्त करून देत नाही, केवळ जागा दाखवते, कारण लाल शाईतले वाक्य विद्यार्थी वाचतो आणि वही मिटतो. स्वतः पुन्हा लिहिले तरच ते टिकते. पाच वाक्यांत तीन जागा आहेत आणि तिन्ही वर येऊन गेल्या आहेत, म्हणून नावेच सांगते. दुसऱ्या वाक्यात आईच्या मनात शिरला आहात. शिवाय ‘मुळे’ या अर्थी ‘कारा’ऐवजी ‘नोदे’ लेखनात सौम्य वाटेल. चौथ्यात ‘आनो’. पाचवे वाक्य पिळले गेले आहे.

चौथ्या वाक्यातच आणखी एक गोष्ट आहे जी वर कोणी सांगितली नाही. ‘ओशिएमाशिता’ हे व्याकरणाने बरोबर असले तरी कोरडे आहे. कोणी आपल्यासाठी काही केले, तर जपानीत ते उपकार क्रियापदातच नोंदवतात: ‘ओशिएते कुरेमाशिता’. मराठीत काकूंनी ‘शिकवले’ एवढे म्हटले की पुरते, कृतज्ञता हवी तर वेगळे वाक्य लिहितो. जपानी वाचकाला मात्र ‘कुरेमाशिता’ नसलेले वाक्य वाचून काकूंशी तुमचे बिनसले असावे असा संशय येईल. आईच्या आनंदालाही हेच लावून पाहा.

आणि ‘वाताशी’ चार वेळा आला आहे. मराठीत ‘मी’ जिथे गाळता, तिथे तोही गाळावा.

तिठा

पुन्हा लिहिले आहे.

‘हाहा वा शोगाक्को नो क्योशि देसु. वाताशी गा एन-नि नि गोकाकु शिता नोदे, तोतेमो योरोकोन्दे कुरेमाशिता. तोनारि नि सुन्दे इरु ओबासान नि मो हानाशिमाशिता. सोनो ओबासान वा, कोदोमो नो तोकि, हिरागाना ओ ओशिएते कुरेमाशिता. मोकुह्यो वा, राइनेन निहोन नो काइशा दे हाताराकु कोतो देसु.’

दुसऱ्या वाक्यात विषय दाखवणाऱ्या ‘वा’ऐवजी कर्ता दाखवणारे ‘गा’ घातले, कारण आनंद होणारी व्यक्ती आई आहे आणि उत्तीर्ण होणारी मी. ‘वा’ ठेवले तर दोन्ही कृती माझ्याच वाटतील असे मनात आले. हे बरोबर आहे काय?

घाटमाथा

बरोबर आहे. ‘नोदे’पर्यंतच्या पोटवाक्यातील कर्त्याला ‘गा’ लागतो आणि पहिल्या वाक्यातला ‘हाहा वा’ दुसऱ्याच्या शेवटापर्यंत पोहोचतो. एक शंका मात्र आहे. या काकू वयाने किती आहेत? तुमच्या लहानपणी त्या शिकवण्याच्या वयाच्या असतील तर आज कदाचित ‘ओबाऽसान’, म्हणजे आजी, झाल्या असतील. हिरागानात एका अक्षराचा प्रश्न आहे.

तिठा

काकूच आहेत, आणि त्यांना हा धागा दाखवणार आहे, तेव्हा अक्षर वाढवू नये.

अनुस्वार

‘कोदोमो नो तोकि’मध्ये लहानपण कोणाचे, हे आता संदिग्ध झाले आहे, ‘वाताशी गा कोदोमो नो तोकि’ असे केल्यास मिटेल. गाळलेला ‘वाताशी’ एका जागी परत आणावा लागला, याला इलाज नाही.

पुढचा सराव असा करा. हाच उतारा ‘दे आरु’ शैलीत लिहा, पण केवळ शेवट बदलू नका. ‘तोतेमो’ जाईल, ‘ओबासान’च्या जागी नात्याचा नसलेला शब्द शोधावा लागेल, आणि ‘कुरेमाशिता’चे ‘कुरेता’ करून भागते की अशा अलिप्त गद्यात ते वाक्यच वेगळ्या तऱ्हेने मांडावे लागते, हे ठरवावे लागेल. ४०० अक्षरांची मर्यादा ठेवून लिहा आणि इथेच टाका. दवबिंदू यांनीही तो पाहावा, अहवालाच्या शैलीत त्या माझ्याहून अधिक रुळलेल्या आहेत.